२२ इंची झाकणाचा कोळसा ग्रिल: खारघरच्या गच्चीवर आठ महिने

वापर नोव्हेंबर ते जून, साधारण दर पंधरा दिवसांनी. जागा रो-हाउसची उघडी गच्ची. आधी निकाल: भांडं चांगलं, सोबत आलेला थर्मामीटर कुचकामी, आणि धुरी नीट बसते की नाही हे ठरतं कोळशावर आणि हवा आत सोडणाऱ्या खालच्या झडपेवर.

भांडं इनॅमलचं, व्यास ५७ सेंटीमीटर, पाय तीन, खाली राखेचं ताट. ही घडण १९५२ ची. शिकागोकडच्या जॉर्ज स्टीफन यांनी बोयासाठी (पाण्यावर तरंगणारी खूण) बनणारा धातूचा गोल मधोमध कापून पहिला ग्रिल केला. आपल्याकडे मिळणाऱ्या स्वस्त नकलांमध्ये झाकण तितकं घट्ट बसत नाही. या नगाला एका बाजूला दोनेक मिलिमीटरची फट आहे. मटण भाजायला काही बिघडत नाही, पण ११० अंशांवर धरायचं म्हटलं की तिथून शिरणारी हवा निखारे फुलवत राहते आणि खालची झडप मिटली तरी काटा १४० वरून हलत नाही. ओव्हनच्या दाराला असते तशी उष्णता सोसणारी गॅस्केट पट्टी कडेला चिकटवली की प्रश्न सुटतो. तोवर फॉइलची वळी करून फटीत दाबली तरी चालतं.

झाकणावरचा काटा घुमटाच्या माथ्याची हवा मोजतो. तो १५० दाखवतो तेव्हा मांसाशेजारी जाळीवर १२५ च्या आसपास असतं. मांसात खुपसायचा डिजिटल थर्मामीटर वेगळा घ्याच. तो खरा की खोटा हे उकळत्या पाण्यात बुडवून कळतं. खारघर-ठाण्यात तो १०० दाखवायलाच हवा.

पहिल्या वेळी काहीही न शिजवता तासभर २०० च्या वर तापवा, म्हणजे कारखान्यातलं तेल जळून जाईल. त्यानंतर पायांचे बोल्ट पुन्हा आवळावे लागतात.

आता कोळसा. वखारीतला लाकडी कोळसा स्वस्त पडतो, पण पोत्यात चुरा, खडे आणि अर्धवट जळलेली लाकडं निघतात. चुरा तुकड्यांमधल्या फटी बुजवतो आणि आग मधेच घुसमटते, म्हणून मोठ्या भोकांच्या चाळणीतून चाळून घ्या. मग दोन तुकडे एकमेकांवर आपटा. पक्का, कोरडा कोळसा खणखणतो. कच्चा किंवा ओला बद्द वाजतो. कच्च्याचा धूर पांढरा, डोळ्यांना झोंबणारा असतो, आणि तोच चिकनवर बसला की जिभेवर कडवटपणा राहतो. ओला तडतडतो, ठिणग्या उडवतो. दोरीवर कपडे असतील तर आधी काढा.

पेटवायला चिमणी हवी, म्हणजे तळाला जाळी असलेला पत्र्याचा डबा. खाली वर्तमानपत्राची दोन पानं, वर कोळसा, थंडीच्या दिवसांत १५ ते २० मिनिटं. जूनमध्ये हेच अर्ध्या तासावर जातं. रॉकेल नको, आणि झटपट पेटणारा रसायन लावलेला कोळसाही नको. त्याचा वास झाकणाखाली कोंडतो. लांबच्या शिजवणीला करवंटीच्या ब्रिकेट, म्हणजे कोळशाचा चुरा दाबून केलेल्या वड्या, उत्तम. भांड्याच्या कडेने अर्धवर्तुळात दोन शेजारी, त्यांवर दोन अशी रांग लावा आणि एका टोकाला आठ-दहा फुललेल्या ब्रिकेट ठेवा. आग रांगेने सरकत जाते आणि चार-पाच तास पुन्हा हात लावावा लागत नाही.

लाकूड आंब्याचं, पेरूचं किंवा बाभळीचं, निदान सहा महिने वाळलेलं, मुठीएवढे दोन-तीन तुकडे. प्लायवूड आणि रंग लावलेली खोकी जाळू नका. लाकूड पाण्यात भिजवायचा सल्ला सगळीकडे दिसतो; त्याने आधी नुसती वाफ निघते, धूर उशिरा येतो, बाकी फायदा शून्य.

सुरुवात चिकनपासून करा. आपल्याकडचा चिकनवाला विचारल्याशिवाय कातडी सोलून मोकळा होतो, त्यामुळे ऑर्डर देतानाच ‘कातडीसकट, पाठीचा कणा काढून, अख्खं’ असं सांगा. सव्वा किलोला १८ ग्रॅम मीठ सगळीकडे चोळून रात्रभर फ्रीजमध्ये उघडं ठेवा, म्हणजे कातडी कोरडी होते. दह्याचा जाड मसाला इथे नको. त्याचा थर धूर अडवतो आणि कडेने करपतो. लाल तिखट, मिरपूड, जरा आगरी मसाला पुरे. निखारे एका बाजूला, दुसऱ्या बाजूला जाळीखाली पाण्याचं ताट, त्याच्या वर चिकन, मांड्या निखाऱ्यांकडे. झाकणाची झडप चिकनच्या डोक्यावर येईल असं झाकण फिरवा, म्हणजे धूर मांसावरून जाऊन मग बाहेर पडेल. वरची झडप पूर्ण उघडी, आच खालच्या झडपेनेच सांभाळायची. जाळीवर १५० ते १६० अंश ठेवा. ११० वर कातडी रबरासारखी चिवट होते. तास-सव्वातासात छातीत ७४ आणि मांडीत ८० अंश लागले की उतरवा. हाडाजवळ किंवा कडेला गुलाबी छटा दिसली तर घाबरू नका. धुरातले वायू मांसातल्या रंगद्रव्याला धरून बसतात म्हणून तसं दिसतं. आकडा गाठला असेल तर ते कच्चं नाही.

पोर्कचा खांदा दोन किलोचा घेतला तर ११५ अंशांवर सात-आठ तास धरा. आतलं तापमान ७० च्या आसपास आलं की तासन्‌तास अडकून बसतं, कारण पृष्ठभागावरचं पाणी उडताना मांस गार करत राहतं. इथे घाबरून कोळसा वाढवला की बाहेरून कोरडं, आतून चिवट. केळीच्या पानात आणि वरून फॉइलमध्ये गुंडाळा, ९४ अंशांवर काढा, मासळीवाले वापरतात तशा थर्माकोलच्या खोक्यात तासभर ठेवा. मग बोटांनी सुटतं. बोकडाची रान (मागचा पाय) मात्र या धाटणीला चांगली नाही, चरबी कमी असल्याने सुकते. दस्ती (पुढचा पाय) घ्या.

बांगड्याला लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ, ४० मिनिटं. नंतर तो कोरडा, हाताला किंचित चिकट लागेपर्यंत सुकवायचा असतो. नवी मुंबईच्या हवेत पंख्याखाली तो सुकत नाही, उलट खराब व्हायची भीती; जाळीवर ठेवून फ्रीजमध्येच सुकवा. मग ८५ ते ९० अंशांवर पाऊण तास. थंड धुरी इथे विसरा. तिला ३० अंशांखालची हवा लागते आणि आपल्याकडे सावलीतच तेवढं असतं. पोपटीची, म्हणजे मडक्यात भाजायच्या शेंगांची, अपेक्षाही यातून ठेवू नका. वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला मडक्यातच शोभतात.

पावसाळ्याने सगळ्यात जास्त त्रास दिला. पहिल्या सरीनंतर झाकण लावून आठवडाभर ठेवलेल्या ग्रिलमध्ये जाळीवरच्या चरबीवर करडी, लव असलेली बुरशी आली. पूर्ण आचेवर अर्धा तास जाळून तारेच्या ब्रशने घासली की जाते. ब्रशची तार जाळीत अडकलेली नाही ना ते बघा. आता दर वेळी जाळी गरम असतानाच घासून तेलाचा बोळा फिरवतो आणि झडपा उघड्या ठेवतो. कोळसा मे महिन्यात उन्हात वाळवून निळ्या ड्रममध्ये बंद केलेला बरा.

ग्रिलखाली कडप्पा ठेवा, नाहीतर ठिणगी पडून गच्चीचं वॉटरप्रूफिंग जळतं. शेजाऱ्यांना त्रास होतो तो पेटवतानाच्या पहिल्या १५ मिनिटांच्या धुराचा, तेवढ्यासाठी वाऱ्याची दिशा पाहा. फ्लॅटच्या काचबंद बाल्कनीत हा प्रकार अजिबात करू नये. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. घुसमट होतेय हे कळायच्या आत माणूस पडतो.

राख त्याच रात्री कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका, निखारा आत दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात दोन दिवस ठेवून मग फेका. ताटात राहू दिलीत तर दमट राख पत्रा खाते. या नगाच्या ताटाला जूनमध्येच दोन भोकं पडली.