कास्टेल ९००० पेन्सिलींचा १२ नगांचा संच: व्यक्तिचित्रणासाठी नऊ महिने वापरल्यानंतर

फाबर-कास्टेल या जर्मन कंपनीच्या कास्टेल ९००० मालिकेतील ८बी (सर्वांत मऊ व गडद) ते २एच (सर्वांत कठीण व फिकट) अशा १२ पेन्सिलींचा संच मी गेल्या जुलैमध्ये घेतला. त्याआधी शाळेत इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेसाठी जमवलेल्या सुट्या पेन्सिलींवरच माझे काम चालत असे. नऊ महिन्यांत सात व्यक्तिचित्रे पूर्ण झाली. त्यांपैकी चार माझ्या आजीची असून या संचाविषयीचे माझे मत मुख्यतः त्या चार चित्रांवरून बनले आहे.

सर्वांत मोठा गुण म्हणजे छटांची खात्री. पेन्सिलीच्या गाभ्याला आपण शिसे म्हणत असलो तरी तो ग्रॅफाइटची पूड आणि चिकणमाती एकत्र करून भट्टीत भाजलेला असतो. ही कृती फ्रान्सच्या निकोला-जाक कोंते यांनी १७९५ मध्ये सिद्ध केली. माती वाढवली की गाभा कठीण व फिकट होतो, कमी केली की मऊ व गडद. हे प्रमाण प्रत्येक वेळी तंतोतंत साधणे किती महत्त्वाचे आहे, हे मला फेब्रुवारीत कळले. अर्ध्या झालेल्या चित्रात ४बी संपली, सुटी नवी आणली आणि गालावरची छाया जिथे थांबली होती तिथूनच पुढे सरकली. जोड कुठे आहे हे आज मलाही दाखवता येणार नाही.

बाराही पेन्सिली सारख्या झिजत नाहीत. आराखड्यासाठी एचबी, त्वचेच्या मधल्या छटांसाठी २बी आणि ४बी, डोळ्यांची बाहुली, नाकपुड्या व केसांच्या मुळांसाठी ६बी, एवढ्यावर माझे बहुतेक चित्र उभे राहते. एफ आणि बी जवळजवळ नव्या आहेत. ज्यांना केवळ व्यक्तिचित्रेच काढायची आहेत, त्यांनी या चार आणि एक २एच सुट्या घेतल्या तरी चालेल, असे मी आता सुचवेन.

आजीच्या पहिल्या चित्रात माझी जी चूक झाली ती सविस्तर सांगते, कारण ती बहुतेकांची होते. गालाची त्वचा गुळगुळीत दिसावी म्हणून मी आधी २एचने जोर देऊन थर दिला, कागदी स्टंपने (छटा पसरवण्यासाठी घट्ट गुंडाळलेल्या कागदाच्या कांडीने) घासला आणि त्यावर ६बी चालवू लागले. ती धरेचना. कागदाचे सूक्ष्म खळगे भरून दबले होते, त्यामुळे मऊ ग्रॅफाइटला पकड उरली नव्हती. शिवाय ग्रॅफाइटचे चपटे कण दाबाखाली एका पातळीत बसतात आणि आरशासारखा प्रकाश परतवतात. म्हणून चित्रातला सर्वांत गडद भागच खिडकीसमोर धरल्यावर करडा चमकू लागला. ही चमक ग्रॅफाइटचा स्वभाव आहे, या संचाचा दोष नव्हे, आणि कोणत्याही ग्रॅफाइट पेन्सिलीने ती पूर्ण टळत नाही. तेव्हापासून मी हात हलका ठेवून २बी, ४बी, ६बी असे थर चढवते आणि स्टंप केवळ पहिल्या थरावर फिरवते.

तीच २एच पांढऱ्या केसांसाठी मात्र उपयोगी ठरली. टोकदार २एचने अतिशय फिकट रेषा ओढून कागदावर बारीक चऱ्या पाडल्या आणि नंतर ४बीची बाजू आडवी फिरवली, की चऱ्या फिकटच राहतात आणि आजीच्या अंबाड्यातून सुटलेले केस उजळ दिसतात. खोडरबराने इतकी बारीक रेषा मला कधीच काढता आली नव्हती. कपाळावरचा आणि डोळ्यांतला प्रकाश मात्र कणकेसारख्या मळता येणाऱ्या रबराने टिपून घ्यावा, घासू नये.

कागदाविषयी थोडेसे. कोकणातल्या पावसाळ्यात कागद ओलावा धरून नरम पडतो आणि नको तिथे चऱ्या पडतात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मी कागद बंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवते. २०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा), किंचित पोत असलेला कागद मला सर्वांत मानवला. फार गुळगुळीत कागदावर गडद छटा चढत नाहीत.

टोकयंत्राने ६बी आणि ८बीची टोके वारंवार मोडली, तेव्हा मी कटरकडे वळले. लाकूड सहज सोलले जाते, दीड सेंटिमीटर गाभा उघडा ठेवता येतो आणि पेन्सिल आडवी धरून छायेचा मोठा भाग एका दमात भरता येतो. उघडा गाभा जमिनीवर पडला तर आतून तडकतो, याची काळजी मात्र घ्यावी लागते. माझी एक ८बी अशीच गेली.

सध्या आजीचे पाचवे चित्र बोर्डावर आहे. डोळे आणि नथ पूर्ण झाली आहे, मानेच्या सुरकुत्या उरल्या आहेत, आणि तिसरी ४बी बोटाएवढी राहिल्याने तिला पितळी होल्डर लावला आहे.