संयुक्त बचत खाते आणि हातखर्चाची रक्कम: तीन वर्षांच्या वापरानंतर

नाशिकमधील एका राष्ट्रीयीकृत बँकेत माझे पती आणि मी मिळून संयुक्त बचत खाते उघडले, त्याला पुढच्या महिन्यात तीन वर्षे पूर्ण होतील. घरखर्च चालवण्यासाठी ही सोय अतिशय उपयुक्त आहे. मात्र दोघांचे संपूर्ण पगार तिच्यात जमा करून त्यातूनच सगळे भागवायचे ठरवले, तर तीच सोय जाच होऊ शकते. आम्ही दोन्ही प्रकार करून पाहिले असल्यामुळे हे मत अनुभवातून आलेले आहे.

खाते उघडण्यास फारसा वेळ लागला नाही. दोघांचे आधार, पॅन आणि छायाचित्रे दिली आणि चौथ्या दिवशी पासबुक हातात आले. अर्जातील ज्या रकान्याकडे बहुतेक जोडपी लक्ष देत नाहीत, तो खाते कोणी चालवायचे याचा रकाना असतो. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ निवडल्यास दोघांपैकी कोणीही एकट्याच्या सहीने व्यवहार करू शकतो आणि एकाच्या पश्चात दुसरा खाते पुढे चालवतो. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ निवडल्यास पहिले नाव असलेली व्यक्ती हयात असेपर्यंत व्यवहाराचा अधिकार तिच्याकडेच राहतो, म्हणजे दुसऱ्या नावाला त्या काळात पासबुकावरील उल्लेखापलीकडे अर्थ उरत नाही. ‘जॉइंटली’मध्ये प्रत्येक वेळी दोघांच्या सह्या लागतात आणि एटीएम कार्ड किंवा यूपीआय साधारणपणे मिळत नाही. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने आम्हाला न विचारताच दुसऱ्या पर्यायावर खूण केली होती. ती खोडून घेऊन आम्ही पहिला पर्याय घेतला, आणि खोडलेल्या जागी दोघांच्याही सह्या केल्या. नवविवाहितांना माझे पहिले सांगणे हेच आहे की, हा रकाना स्वतः वाचून स्वतः भरावा.

पहिल्या वर्षी आम्ही दोघांचेही पगार या एकाच खात्यात घेत होतो. संसार एक तर पैसाही एक, असा त्यामागचा साधा विचार होता. त्या दिवाळीपूर्वी मी येवल्याला जाऊन 14,500 रुपयांची पैठणी घेतली. दुकानातून बाहेर पडेपर्यंत पतींचा फोन आला. “अगं, येवल्याच्या दुकानाचा मेसेज आला, कार्ड तुझ्याकडेच आहे ना?” त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजीच होती. तरीही “अहो, मीच घेतली साडी” असे सांगताना मी किंमत कशी योग्य आहे, काठ हातमागाचाच कसा आहे, हे सगळे त्यांनी न विचारता सांगत बसले. पुढे कित्येक दिवस मला त्या स्पष्टीकरणाचीच बोच लागून राहिली, कारण माझ्या कमाईतून घेतलेल्या वस्तूचा जबाब मी आपणहून दिला होता. त्यांचीही गत वेगळी नव्हती. त्यांच्या तबल्याची पुडी, म्हणजे वरचे कातडे, फाटून पाच महिने झाले, तरी ते ती बदलून घेत नव्हते. कारण विचारले तेव्हा म्हणाले, “पासबुकात दिसलं असतं, आणि या महिन्यात फी भरायची होती.” एकमेकांवर विश्वास असलेली दोन माणसे एकाच खात्यामुळे अशी अवघडून वागू लागतात, हे तेव्हा आमच्या लक्षात आले.

त्यानंतर आम्ही पगार पुन्हा आपापल्या खात्यांत घेऊ लागलो आणि संयुक्त खाते फक्त घरासाठी ठेवले. माझा पगार 52,000 आणि त्यांचा 78,000 रुपये आहे. गृहकर्जाचा हप्ता, किराणा, दूध, महावितरणचे बिल, सोसायटीचा मेंटेनन्स, मुलीची फी आणि सासूबाईंची औषधे मिळून महिन्याला सुमारे 75,000 रुपये लागतात. ही रक्कम आम्ही पगाराच्या प्रमाणात वाटून घेतली आहे. दर महिन्याच्या 3 तारखेला त्यांच्या खात्यातून 45,000 आणि माझ्या खात्यातून 30,000 रुपये स्थायी सूचनेने आपोआप संयुक्त खात्यात जातात. निम्मा-निम्मा भार घेतला असता तर माझ्या पगाराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग घरखर्चातच गेला असता.

खरी चर्चा झाली ती हातखर्चाच्या रकमेवर. हातखर्चही पगाराच्या प्रमाणात असावा, असे मला आधी वाटत होते, आणि माझ्या वाट्याला कमी येईल हेही मी मनाशी धरून चालले होते. पतींनी ते मान्य केले नाही. भार उचलताना ज्याच्या खांद्यात बळ जास्त त्याने जास्त उचलावा, पण मोकळेपणा कोणाला कमी आणि कोणाला जास्त कशासाठी, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते मला मनापासून पटले. म्हणून दोघांनाही दरमहा सारखेच 6,000 रुपये ठरले. या पैशांचा हिशेब कोणी मागायचा नाही आणि आपणहून द्यायचाही नाही. खर्च न झालेले पैसे पुढच्या महिन्यात त्याच व्यक्तीचे राहतात. उरलेले माझे 16,000 आणि त्यांचे 27,000 रुपये बचतीत जातात, त्यावर मात्र दोघांची नजर असते.

कोणता खर्च हातखर्चात धरायचा, हा प्रश्न एका बैठकीत सुटला नाही. माझे माहेरी जाण्या-येण्याचे भाडे आम्ही घरखर्चात धरले, कारण ते नाते एकट्या माझे नाही. त्यांची तबल्याची शिकवणी आणि माझ्या साड्या हातखर्चात आल्या. माझ्या आईच्या चष्म्याचे पैसे मी माझ्या हातखर्चातून दिले, तेव्हा पतींना वाईट वाटले. सासूबाईंची औषधे घरखर्चात आणि आईचा चष्मा माझ्या वाट्याला, हा भेद त्यांनीच दाखवून दिला. तेव्हापासून चारही आईवडिलांचा औषधपाणी आणि उपचारांचा खर्च संयुक्त खात्यातून होतो.

आता सेवेतील दोषाकडे येते. खात्यात दोन नावे असूनही बँकेने मोबाईल क्रमांक फक्त पतींचा जोडला होता. यूपीआय सुरू करण्यासाठी खात्याला जोडलेलाच क्रमांक लागत असल्याने माझ्या फोनवर हे खाते दिसतच नव्हते, आणि मी केलेल्या प्रत्येक खर्चाचा संदेश मात्र त्यांना जात होता. दुसरा क्रमांक जोडण्यासाठी तीनदा अर्ज द्यावा लागला आणि या कामात अकरा आठवडे गेले. संयुक्त खाते म्हणवणाऱ्या सेवेत दुसऱ्या खातेदाराला असे ताटकळत ठेवणे मला अत्यंत गैर वाटते, आणि गुण देताना मी सर्वांत जास्त गुण इथेच कापले आहेत.

त्या खोळंब्याची आठवण असल्यामुळे ऑगस्ट 2024 मध्ये यूपीआय सर्कल ही सोय आली, तेव्हा आम्ही तीही वापरून पाहिली. तिच्यात मुख्य वापरकर्ता आपल्या खात्यातून खर्च करण्याची मुभा दुसऱ्याला देतो. पूर्ण मुभेत महिन्याला 15,000 आणि एका वेळी 5,000 रुपयांची मर्यादा असते, तर अंशतः मुभेत प्रत्येक व्यवहाराला मुख्य वापरकर्त्याची मंजुरी लागते. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांसाठी किंवा वयस्कर आईवडिलांसाठी ही सोय चांगली आहे. पतिपत्नींमधील हातखर्चासाठी ती मी सुचवणार नाही, कारण पैसा एकाचा आणि परवानगी दुसऱ्याला, ही रचना तिच्या मुळातच आहे. भाजीवाल्यासमोर उभे राहून नवऱ्याच्या मंजुरीची वाट पाहण्याचा अनुभव मी एकदाच घेतला, आणि त्याच संध्याकाळी आम्ही ती सोय बंद केली.

काही तांत्रिक बाबी थोडक्यात नोंदवते. ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला 5 लाख रुपयांपर्यंत असते आणि संयुक्त खाते त्यासाठी वैयक्तिक खात्यापासून वेगळे धरले जाते. संयुक्त मुदत ठेवीवरील टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच बँक कापून घेते तो कर, सहसा पहिल्या नावाच्या पॅनवर कापला जातो, त्यामुळे नावांचा क्रम विचार करून ठरवावा. पतीने पत्नीला दिलेल्या पैशांची तिने ठेव केली, तर तिचे व्याज करासाठी पतीच्या उत्पन्नात मिळवले जाते, आणि उलट बाजूनेही तोच नियम आहे. दोघांपैकी एक हयात असेपर्यंत नॉमिनीचा प्रश्न येत नाही, तरीही नॉमिनीचे नाव नोंदवून ठेवावे. 1 नोव्हेंबर 2025 पासून चार नॉमिनीही देता येतात.

दोघेही कमावते असलेल्या आणि एकमेकांपासून खर्च लपवण्याची गरज न वाटणाऱ्या जोडप्यांनी हे खाते अवश्य घ्यावे. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’मध्ये कोणीही एकटा सगळी शिल्लक काढू शकतो, म्हणून विश्वास डळमळीत असेल तर त्यात फक्त महिन्याच्या खर्चापुरते पैसे ठेवावेत. घरी एकच पगार येत असेल, तर हातखर्चाची रक्कम दोघांच्या नावे असलेल्या खात्यात न ठेवता घर सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या स्वतंत्र खात्यात दरमहा ठरलेल्या तारखेला जमा करावी, म्हणजे तिला ती मागावी लागणार नाही. खात्याला मी पाचपैकी साडेतीन गुण देते. दुसरा मोबाईल क्रमांक पहिल्याच दिवशी जोडला असता, तर साडेचार दिले असते.