छाटणीची तारीख न कळणारी मेंबरशिप साइट : पंधरा महिन्यांच्या वापरानंतर

१४ ऑक्टोबरला रात्री साडेनऊला मणेराजुरीहून माझ्या द्राक्षाच्या सशुल्क साइटच्या एका सभासदाचा फोन आला. “दादा, पैसं कटल्यात, पण पान काय उघडंना. सकाळी काय मारू तेवढं तरी सांगा.” दुपारी तासभर पाऊस झालेला, द्राक्षाचा प्लॉट छाटणीपासून २८ दिवसांचा, घड बाहेर पडलेले. दावण्या रोग अशाच वेळी घडात शिरतो. फवारणी फोनवर सांगितली आणि लॅपटॉप उघडला, तर व्हॉट्सॲपवर आणखी सहा जणांचे पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट येऊन पडलेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत असे अडकलेले २३ जण झाले.

मी तासगाव तालुक्यातला. दोन एकर बाग आहे आणि सात वर्षं द्राक्षावर लिहितोय. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये रोजचं वेळापत्रक आणि प्लॉटवरचे व्हिडिओ सशुल्क केले, बाकीचं लिखाण पूर्वीसारखंच मोफत ठेवलं. वर्डप्रेसची साइट होतीच. तिच्यावर मेंबरशिपचं विकतचं प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचा तयार प्रोग्रॅम, बसवलं आणि ऑनलाइन पैसे जमा करून देणारा एक भारतीय पेमेंट गेटवे जोडला. एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी असे दोन हंगाम, हंगामाला ५०० रुपये.

सगळे सांगतात, दरमहा वर्गणी ठेवा, पैसे आपोआप कापून घ्या. बागायतदाराला हे जमणारं नाही. औषध दुकानाची उधारीसुद्धा माल गेल्यावर नाहीतर बेदाण्याचा सौदा झाल्यावरच फिटते. ऑगस्ट-सप्टेंबरात खातं कोरडं असतं. शिवाय १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं कार्डावरून आपोआप वसुली करायची तर आधी ग्राहकाची मंजुरी नोंदवावी लागते आणि दर वसुलीच्या किमान २४ तास आधी त्याला सूचना जावी लागते. नियम ग्राहकाच्या भल्याचा आहे, माझी तक्रार नाही. पण खात्यात शिल्लक नाही म्हणून वसुली फसल्याचा मेसेज कुणाला महिन्याच्या महिन्याला माझ्या नावानं जावा, हे मला नको होतं. हंगामाला एकदाच, आणि ज्यानं त्यानं स्वतः भरायचे. हा निर्णय आजही पटतो.

गेटवेचं गणित मात्र सुरुवातीला खूप टोचलं. यूपीआयवरचा एमडीआर, म्हणजे विक्रेत्याकडून घेतलं जाणारं व्यवहार शुल्क, जानेवारी २०२० पासून शून्य आहे, तरी गेटवे आपली सेवा फी घेतोच. मला दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी पडतो, म्हणजे ५०० मधून ११ रुपये ८० पैसे जातात. क्यूआर कोड पाठवून स्क्रीनशॉट मागवला असता तर हे पैसे वाचले असते, असं मी वर्षभर घरात बोलून दाखवत होतो.

म्हणून १४ तारखेला माझा सगळा राग गेटवेवर निघाला. पैसे त्यांच्याकडे जमा, माझ्याकडे सभासद ‘प्रलंबित’. तीन दिवस त्यांच्या ग्राहकसेवेशी भांडलो. ते शांतपणे एकच सांगत होते : आमचा निरोप गेलाय, तुमच्या साइटनं तो परत पाठवलाय. पैसे भरले की गेटवे साइटला आपसूक एक निरोप धाडतो, त्याला वेबहुक म्हणतात. तो पोचला तरच सभासदाचं पान उघडतं. चौथ्या दिवशी होस्टिंगचा लॉग, म्हणजे सर्व्हरवरच्या नोंदी, काढून वाचला. ओळीमागून ओळ ४०३, म्हणजे ‘प्रवेश नाही’. साइटच्या सुरक्षेसाठी बसवलेलं दुसरं एक मोफत प्लगइन १३ तारखेला रात्री आपोआप अपडेट झालं होतं, आणि तेव्हापासून ते गेटवेच्या निरोपाला परका समजून दारातूनच हाकलत होतं. गेटवेनं २४ तास पुन्हापुन्हा प्रयत्न केला आणि मग थांबवला. त्यांच्या डॅशबोर्डवर प्रत्येक फसलेला निरोप वेळेसकट मांडलेला होता. मी तो पहिल्या रात्री पाहायला हवा होता.

त्यामुळे गेटवेबद्दलचं मत बदललं आहे. त्या नोंदींवरून २३ जणांची सभासदत्वं तासाभरात हातानं सुरू करता आली. स्क्रीनशॉटवर काम चालवलं असतं तर कोणाचे पैसे कोणत्या तारखेचे, हे शोधण्यात आठवडा गेला असता. त्या ११ रुपये ८० पैशांबद्दल आता बोलणार नाही. नवीन साइट काढणाऱ्यांना कळकळीनं सांगतो : हंगामाच्या तोंडावर एकही प्लगइन आपोआप अपडेट होऊ देऊ नका, आणि दर अपडेटनंतर स्वतः एक रुपया भरून बघा.

आता माझं खरं दुखणं. द्राक्षात माणूस भेटला की आधी विचारतो, प्लॉट किती दिवसांचा? पेस्ट (डोळे फुटावेत म्हणून काडीला लावायची), फेलफुटी (नको असलेल्या फुटी) काढणं, प्रीब्लूमचं डिपिंग (फुलोऱ्याआधी घड द्रावणात बुडवणं), फुलोरा, विरळणी, सगळं छाटणीपासूनच्या दिवसांवर चालतं. मेंबरशिपच्या प्लगइनमध्ये मजकूर रोज थोडाथोडा खुला करण्याची सोय असते. तिला ड्रिप म्हणतात, आमच्या ठिबकचाच शब्द. याच सोयीसाठी मी हे महागडं प्लगइन घेतलं. पण ते दिवस मोजायचं पैसे भरल्या तारखेपासून.

गेल्या वर्षी पलूसच्या एका सभासदानं १२ सप्टेंबरला छाटणी घेतली आणि ५ ऑक्टोबरला पैसे भरले. प्लॉट २३ दिवसांचा, डिपिंगची घाई, आणि साइट त्यांना पहिल्या दिवसाची पेस्ट कशी लावायची ते दाखवतेय. त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं, “सर, माझं काही चुकलं का?” त्या प्रश्नानं मला झोप लागली नाही. ज्यानं विश्वासानं पैसे दिले त्यालाच आपण तीन आठवडे मागे नेऊन ठेवलं. त्या हंगामात रोज पहाटे पाचला उठून मी सभासदांच्या तारखा एकेक करून मागे सरकवत होतो. बागेत कामगार यायच्या आत तीस-चाळीस उरकायच्या. ज्यांची राहिली त्यांचे फोन यायचे.

प्लगइनवाल्यांना चार तिखट पत्रं पाठवली. वाटलं होतं, साचेबंद उत्तर येईल. आलं ते वेगळंच. पलीकडच्या माणसानं आधी विचारलं, छाटणी म्हणजे नेमकं काय, आणि ती वर्षातून दोनदा का करता? मी सविस्तर लिहिलं : एप्रिलमध्ये खरड छाटणी घेऊन काडी तयार करायची, मग सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी घेऊन माल धरायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी चौदा ओळींचा कोड आला. नोंदणीच्या फॉर्मात ‘छाटणीची तारीख’ असा रकाना घालायचा, आणि दिवस त्या तारखेपासून मोजले जातात. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातून शिकून आलेल्या गावातल्याच एका पोरानं तो बसवून दिला. यंदाच्या एप्रिलपासून पहाटेचं ते काम बंद झालं. सभासदानं साइट उघडली की वरच दिसतं, ‘तुमचा प्लॉट ४१ दिवसांचा’. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा सगळा खर्च वसूल झाल्यासारखं वाटलं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. लवकर उघडावं म्हणून पानांची तयार प्रत साठवून ठेवणारं कॅशिंग सभासदांच्या पानांवर बंदच ठेवा. माझ्याकडे एक दिवस सशुल्क पान सगळ्यांना खुलं दिसत होतं. पासवर्डचा त्रास कायमचा आहे : निम्म्या लोकांचा मेल आयडी मोबाइलच्या दुकानदारानं काढून दिलेला, मालकाला तो माहीतच नाही. लॉगिनला मोबाइल नंबर चालेल अशी सोय पहिल्याच दिवशी करा. गेटवे सुरू करायला परताव्याचं धोरण लिहून द्यावं लागतं. मी सात दिवस लिहिलं, आणि त्याखाली स्वतःहून एक ओळ घातली : गारपिटीत प्लॉट गेला तर तेच ५०० रुपये पुढच्या हंगामाला धरले जातील. यंदा दोघांचे धरले.

प्लगइनचं परवान्याचं वर्ष ऑगस्टमध्ये संपलं. पहिल्या वर्षी निम्म्या किमतीत दिलं होतं, आता पूर्ण मागतात, तेही डॉलरमध्ये. वरून बँकेचं चलन बदलण्याचं शुल्क. आई म्हणाली, तेवढ्यात ट्रॉलीभर शेणखत आलं असतं. तिचं खरं आहे. परवाना संपला तरी साइट चालू राहते, फक्त अपडेट आणि मदत बंद होते, म्हणून मी दोन महिने टाळलं. ऑक्टोबरचे ते चार दिवस काढल्यावर २ नोव्हेंबरला पैसे भरले. साइटवर २१२ जणांचा हंगाम उभा आहे, त्यात काटकसर करायची नाही असं ठरवलं. त्या चौदा ओळींची जाणही मनात होती.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. माल एकदम अंगावर येऊ नये म्हणून आमच्याकडे दोन-तीन प्लॉट मागेपुढे छाटतात. प्लगइनला माणूस कळतो, प्लॉट कळत नाही. एका खात्याला छाटणीची एकच तारीख. त्यांच्याकडून उत्तर आलं की दुसऱ्या प्लॉटसाठी दुसरी मेंबरशिप विका. एकाच बागायतदाराकडून दोनदा पैसे घेणं मला जमणार नाही. माझ्या ६१ सभासदांचे एकाहून जास्त प्लॉट आहेत. त्यांच्या तारखा मी वहीत लिहिल्यात आणि रोज सकाळी दुसऱ्या प्लॉटचे दिवस मोजून व्हॉट्सॲपवर कळवतो. पलूसच्या त्या सभासदाचा दुसरा प्लॉट आज ३८ दिवसांचा, फुलोऱ्यात आहे, आणि आभाळ भरून आलंय. त्यांना आता फोन करतो.