‘परमाणु’: वाळूखाली दडवलेली मोहीम

गुहागरला कौलांवर पावसाची झड चालू असताना ‘परमाणु’ हा २०१८चा हिंदी चित्रपट घरी पाहिला. १९९५मध्ये अमेरिकी उपग्रहांनी पोखरणची तयारी टिपल्यामुळे अणुचाचणी रहित करावी लागली. मे १९९८मध्ये तीच कामगिरी, उपग्रहांची नजर चुकवून, लष्करी गणवेशातल्या शास्त्रज्ञांनी कशी पार पाडली, याचा ताण दिग्दर्शक अभिषेक शर्मा यांनी उत्तम सांभाळला आहे. पत्नीपासूनही खरे काम लपवणाऱ्या अधिकाऱ्याची घुसमट जॉन अब्राहम संयमाने दाखवतात. परकीय हेरांचा पाठलाग मात्र ठोकळेबाज वाटतो, आणि त्याची गरजही नव्हती.

समुद्रकाठी वाढलेल्या माणसाला ठाऊक असते की वाऱ्याने पुळणीवर उमटवलेल्या वळ्या एकदा पावलाने मोडल्या की जागा लगेच ओळखू येते. पोखरणला जवान रात्रभर उकरलेली वाळू उजाडण्यापूर्वी वाऱ्याच्या दिशेप्रमाणे पुन्हा रचून ठेवत. खरा थरार या कष्टांत आहे, आणि चित्रपटाने तिथेच अधिक रेंगाळायला हवे होते.

तरीही ११ मेच्या दुपारी पडद्यावर जमीन हादरली, तेव्हा शेजारी बसलेल्या वडिलांनी हातातली चहाची बशी हळूच खाली ठेवली आणि डोळे पुसले.