गरीच्या शिशासाठी साचा घ्यायचाय? प्लास्टर, अॅल्युमिनिअम की बीड (ओतीव लोखंड)

गरी टाकणाऱ्या आपल्या लोकांना जे वजन लागतं ना, ते शिशाचे गोळे घरीच ओतायचे म्हटलं की पहिला प्रश्न साच्याचाच येतो, आणि मागच्या महिन्यात कन्हान नदीवर भेटलेल्या दोघा पोरांनी मला तेच विचारलं, म्हणून सविस्तर लिहून राहिलो. मी तिन्ही प्रकार वापरलेत. एक गोष्ट आधीच सांगतो, साच्यांबद्दलची बरीचशी माहिती परदेशात बंदुकीच्या गोळ्या ओतणाऱ्यांकडून आलेली आहे, धातू तोच, दोषही तेच, पण आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका. मी फक्त मासेमारीच्या वजनाबद्दल बोलून राहिलो.

प्लास्टरपासून सुरू करतो कारण सगळे तिथूनच सुरू करतात. नागपूरच्या चितारओळीत मूर्तीवाल्यांमुळे प्लास्टर सहज मिळतं, तयार गोळा दाबून दोन भाग पाडले की संध्याकाळपर्यंत साचा हातात, म्हणून मोह होतो. पण जमलेल्या प्लास्टरच्या वजनात जवळपास पाचवा हिस्सा पाणी बांधलेलं असतं, वरून हाताला कोरडं खणखणीत लागलं तरी असतं. शिसं वितळतं 327 अंशांना, आणि पाण्याची वाफ झाली की ते सतराशेपट जागा मागतं. मी ऑगस्टमध्ये आठ दिवस घरात वाळवलेल्या साच्यात ओतलं आणि साच्याच्या तोंडातून शिसं फचकन उडालं, एक थेंब शर्टाच्या बाहीतून आरपार गेला, चष्मा नसता तर काय झालं असतं ते आजही डोळ्यासमोर येतं. नीट तापवून वाळवलेल्या साच्यातही गोळ्यावर टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं येतात आणि थोड्याच ओतण्यांत कडा झडायला लागतात. वेगळाच आकार हवा असेल आणि पाच-सहाच नग पाहिजे असतील तरच प्लास्टर, तेही मे महिन्यात, पावसाळ्यात तर अजिबात नाही.

खरी निवड अॅल्युमिनिअम आणि बीड यांच्यातच आहे.

अॅल्युमिनिअम उष्णता बिडाच्या तीन-चार पटीने वाहून नेतं, म्हणजे तापतं लवकर आणि थंडही लवकर होतं. तीन-चार गोळे वाया गेले की पाचव्यापासून चांगले यायला लागतात, पण मधे चहा प्यायला उठलात की पुन्हा पहिल्यापासून. बिडाचं उलटं, दहा-पंधरा ओतण्यांपर्यंत वाकडंतिकडंच निघतं, मग एकदा तापला की तासभर एकसारखं काम देतो, नंतर मात्र जास्त तापतो आणि गोळे घट्ट व्हायलाच वेळ लावतात. त्यात वजन, बीड अॅल्युमिनिअमच्या अडीचपटीहून जड, चार खणांचा, म्हणजे एका वेळी चार गोळे देणारा साचा एका हातात धरून शंभर नग काढले की मनगट बोलतं.

आता दोष ओळखणं, कारण याच ठिकाणी लोक साच्याला शिव्या देऊन नवा साचा घेतात आणि पैसे फुकट जातात. गोळ्यावर दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या दिसल्या तर साचा थंड आहे नाहीतर आत तेल आहे. पहिल्यांदा डिसेंबरच्या सकाळी गच्चीवर ओतत होतो, नवाकोरा अॅल्युमिनिअमचा साचा, चाळीस गोळे सुरकुतलेले, मी समजलो साचाच खराब. तर कारखान्यातलं कटिंग ऑइल आत तसंच होतं. गरम पाणी, भांड्याचं साबण, जुना दातब्रश, मग पूर्ण वाळवून शेगडीच्या कडेला तापवला आणि सहाव्या ओतण्याला आरशासारखा गोळा निघाला, तो मी अजून ठेवलाय. बिडाच्या साच्यात ही भानगड जास्त, कारण गंज नको म्हणून त्याला तेल लावूनच ठेवावं लागतं आणि दर वेळी धुवावं लागतं. नागपूरच्या जुलैत एक आठवडा विसरलात की आत लाल ठिपके, आणि ते ठिपके गोळ्यावर छापले जातात.

उलट गोळा पिठीसाखर भुरभुरल्यासारखा पांढरट निघाला तर सगळं जास्त तापलंय. वजनाला काही फरक पडत नाही, मासोळीला तर अजिबातच नाही, फक्त वेग कमी करा. कडा गोल राहिल्या, आकार पुरता भरला नाही, तर हवा बाहेर जायच्या बारीक रेषा काजळीने बुजल्यात का बघा, किंवा शिशात थोडी कथील घाला. किलोभर शिशाला साठ-चाळीसचं (साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं) सोल्डर 30-35 ग्रॅम पुरतं, म्हणजे साधारण दोन टक्के कथील होते, सोल्डर धूर करतं तेवढं सांभाळा.

गोळ्याच्या कमरेला पातळ पापुद्रा सुटत असेल तर दोन्ही भाग नीट मिटत नाहीयेत. बहुतेक वेळा दोन भाग जिथे मिटतात तिथे मसुराएवढा शिशाचा कण चिकटलेला असतो. तो काढायला लाकडाची काडी वापरा. स्क्रूड्रायव्हर बीड सहन करतं, अॅल्युमिनिअमला एक ओरखडा पडला की तो पापुद्रा आयुष्यभर सोबत येतो. माझ्या मते अॅल्युमिनिअमचा खरा तोटा हाच, तो मऊ आहे, आपटलेला खपत नाही. ज्यांच्या हाताला घाई आहे त्यांनी बीड घ्यावं.

एक दोष साच्याचा नसतोच, तरी सगळे साच्यालाच दोष देतात. शिसं लापशीसारखं गुठळ्या करत वाहायला लागलं की त्यात जस्त गेलंय. गाडीचं चाक बॅलन्स करायला लावतात ते वजनाचे तुकडे भंगारात मिळतात, त्यातले काही जस्ताचे असतात, जस्त 419 अंशांना वितळतं, त्यामुळे कढई 400 च्या आत ठेवली तर ते वर तरंगतात आणि काढता येतात. तापमानासाठी बंदुकीसारखा इन्फ्रारेड मीटर चकाकत्या शिशावर चुकीचं दाखवतो, आत बुडवायचा प्रोब घ्या. आणि जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढू नका, त्यातून विषारी वायू निघू शकतात, 2022 च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी त्या परत द्यायच्याच असतात.

मग काय घ्यायचं? हंगामाला पन्नास-शंभर गोळे लागतात असा माणूस असेल तर दोन खणांचा अॅल्युमिनिअम, डोळे झाकून. हिंगणा एमआयडीसीत ओळखीचा मिलिंगवाला असेल तर हव्या वजनाचा कोरून घ्या, हवेच्या रेषा पाडायला मात्र आठवणीने सांगा, त्या राहून जातात. वैनगंगेकडे फेकजाळी विणणाऱ्या ढिवर भावांसारखं किलोकिलोने ओतायचं असेल तर बीड, ते रोज वापरात राहिलं की गंजतही नाही.

साचा कुठलाही घ्या, कढई आणि पळी वेगळी ठेवा, ती पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. ओतायचं उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, वरची राखेसारखी मळी बंद डब्यात, ती झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची. घरात लहान लेकरं असतील तर कपडे बदलून, हात साबणाने धुऊनच त्यांना उचला, शिसं त्यांच्या मेंदूला थोडंसंही सोसत नाही. माझी पुतणी तीन वर्षांची झाली तेव्हापासून मी गच्चीवर ओतणं बंद केलं, आता मित्राच्या शेतावर जाऊन एकाच दिवशी वर्षाचं ओतून येतो.