गढूळ खाडी की खोल काळोख? आरओव्हीचा कॅमेरा आणि दिवे घेताना

आरओव्ही म्हणजे केबलने जोडलेलं, वरून चालवायचं पाण्याखालचं यंत्र. तिच्या कॅमेऱ्यासाठी समोर दोन कोटेशनं आहेत. एकात अ‍ॅल्युमिनियमचं हाऊसिंग (कॅमेऱ्याचं पाणीबंद आवरण), अ‍ॅक्रिलिकचा डोम (पुढची घुमटासारखी काच), ३०० मीटरची हमी. दुसऱ्यात टायटॅनियम, सफायरची काच आणि ६,००० मीटर. हात आपोआप दुसऱ्याकडे जातो. पण तुमची आरओव्ही उतरणार कुठे, ते आधी ठरवा.

पाण्यात दर १० मीटरला साधारण एक वातावरण दाब वाढतो. ६,००० मीटरवर तो सहाशेच्या घरात जातो. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेची रोसब ६००० ही आरओव्ही हिंदी महासागरात ५,२८९ मीटरपर्यंत गेली होती. तसल्या कामाला टायटॅनियम हवंच. मुंबई हायच्या तेलक्षेत्रात मात्र पाणी ऐंशी मीटरच्या आसपास आणि कोयनेची अख्खी भिंत १०३ मीटर. तिथे टायटॅनियम नेणं म्हणजे मंडईत भाजी आणायला ट्रक काढणं.

काचेत मात्र खरी निवड आहे. सपाट काचेमागे हवेत ९० अंश दिसणारी लेन्स पाण्यात जेमतेम ६४ अंश दाखवते आणि वस्तू एक तृतीयांश मोठी भासते. डोममध्ये तो कोन टिकतो, पण लेन्स डोमच्या केंद्रावर अचूक बसवावी लागते. आरओव्ही चालवायला डोम. भिंतीची भेग जवळून बघायला मला सपाट काच बरी वाटते.

आता दिवे. सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. खोल समुद्रात पाणी बहुतेक नितळ आणि उजेड शून्य, म्हणून जादा ल्युमेन, म्हणजे जादा उजेड, खरंच कामी येतात. तरी लाल रंग पाणी काही मीटरांतच गिळतं, त्यामुळे खरे रंग हवे असतील तर जवळ जावंच लागतं. आपल्या खाडीत किंवा पावसाळ्यानंतरच्या धरणात गोष्ट उलटी. जेट्टीच्या खांबाजवळ चारही दिवे फुल केले तेव्हा स्क्रीनवर खांब नाहीसा झाला आणि नुसता पांढरा भुगा उडताना दिसला. घाटात धुक्यात हाय बीम मारल्यावर होतं तेच. दोन दिवे बंद केले, उरलेले ब्रॅकेट लावून कॅमेऱ्यापासून फूटभर बाजूला नेले, थोडे तिरके केले, आणि खांबावरचे शिंपले मोजता आले. म्हणून गढूळ पाण्यासाठी १,५०० ल्युमेनचे दोन दिवे आणि लांब ब्रॅकेट घ्या. १०,००० ल्युमेनचा एक दिवा कॅमेऱ्याला चिकटवून लावू नका. शिवाय बहुतेक एलईडी दिवे पाण्याच्या गारव्यावर जगतात, डेकवर टेस्टिंगच्या नावाखाली पेटते ठेवलेत की तापून जातात.

कॅमेरा फोरके (जास्त बारकावे दाखवणारा) की लो-लाइट (कमी उजेडात चालणारा)? गढूळ पाण्यात प्रत्येक तरंगता कण हलतो, त्यामुळे कॉम्प्रेशन गोंधळतं आणि टेदरवरून, म्हणजे आरओव्हीच्या केबलवरून, आलेलं फोरके चित्र चौकटी-चौकटींचं होतं. १०८० चा मोठ्या पिक्सेलचा लो-लाइट सेन्सर तिथे स्वच्छ दिसतो. क्लायंटला अहवालात झूम करायचं असेल आणि पाणी नितळ असेल, तर फोरके.

कोटेशन कुठलंही घ्या, हाऊसिंगमधली हवा ओढून गळती तपासणारा हातपंपाचा व्हॅक्यूम किट त्यात लिहून घ्या. माझ्या हाऊसिंगमध्ये एकदा ओ-रिंगवर (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर) एक केस राहिला होता, माझाच. पंपाचा काटा पंधरा मिनिटांत खाली सरकला म्हणून कळलं, नाहीतर कॅमेरा खाडीतच गेला असता.