पिओनीची उघड्या मुळांची रोपे: टपालाने मागवल्यानंतरचा अनुभव

एका रोपवाटिकेकडून पिओनी या मोठ्या फुलांच्या बहुवर्षायू रोपाच्या ‘सारा बर्नहार्ट’ या 1906 सालच्या जुन्या फ्रेंच वाणाची तीन उघडी, म्हणजे मातीविना पाठवलेली, मुळे मी मागवली होती. ती शरद ऋतूच्या सुरुवातीला हाती आली, ही या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू. कारण पाने पिवळी पडून रोप विश्रांतीकडे वळते, तेव्हाच पिओनी हलवणे सुरक्षित असते आणि जमीन गोठण्याआधी बारीक मुळे फुटायला काही आठवडे मिळतात. दोन मुळांवर चार-पाच टपोरे, गुलाबी डोळे, म्हणजे नवे कोंब फुटण्याच्या जागा, होते. तिसऱ्यावर मात्र एकच डोळा होता, आणि लागवडीच्या तुकड्यावर तीन ते पाच डोळे असावेत हे रोपवाटिकेला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. म्हणून ही उणीव मला खटकली.

त्याहून गंभीर चूक सोबतच्या सूचनापत्रकात आहे. त्यात मूळ ‘खोल पुरावे’ एवढेच लिहिले आहे. वास्तविक डोळ्यांवर तीन ते पाच सेंटिमीटरच माती हवी, कारण त्याहून खोल गेलेले रोप हिरवेगार वाढते, पण वर्षानुवर्षे फुलत नाही, आणि बिचारा माळी खताला दोष देत बसतो. मी सूचना बाजूला ठेवून, भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा असलेल्या जागी मुळे उथळ लावली. पहिल्या वसंतात फक्त पाने आली, जे अपेक्षितच होते. तिसऱ्या वसंतात दोन्ही सशक्त रोपांवर फिकट गुलाबी, सुगंधी, भरगच्च फुले उमलली. एका डोळ्याचे रोप अजून कळी धरत नाही.